पोस्टिंगवरच्या विद्यार्थ्यांचं मूल्यमापन मोबाइलवर: फॉर्म येतात, पण बघतं कोण?

लॉगबुकवाली

मी नर्सिंग शिकवते. पोस्टिंगचं (म्हणजे विद्यार्थी रुग्णालयात प्रत्यक्ष काम करून शिकतात त्याचं) वेळापत्रक, हजेरी, मूल्यमापन हे सगळं सहा वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे. यंदा ५२ विद्यार्थी, ९ ठिकाणं आणि आम्ही शिक्षक तिघं. एखाद्या मुलीला रुग्णाजवळ प्रत्यक्ष काम करताना मी आठवड्यातून वीस मिनिटं पाहिलं, तर तो आठवडा चांगला गेला म्हणायचा. बाकी सगळं वॉर्डातल्या सिस्टरांच्या सहीवर.

त्या सह्यांची कथा इथल्या बऱ्याच जणांना पाठ असेल. गेल्या वर्षी शेवटच्या शनिवारी लॉगबुकं, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवह्या, गोळा केली. एकीच्या वहीत तीन महिन्यांच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एका दमात केलेल्या. पहिली सही नीट, विसावी येईपर्यंत नुसती रेघ. दुसऱ्याच्या वहीप्रमाणे तो एकाच दिवशी, एकाच वेळी दोन वॉर्डांत ड्रेसिंग करत होता. रागवायचं तरी कुणाला? सिस्टरांना कामातून मान वर करायला फुरसत नसते. उभ्या उभ्या सही दिली हेच उपकार.

म्हणून यंदा कागद सोडला. ऑनलाइन फॉर्म केला, त्याचा क्यूआर कोड छापून प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर चिकटवला. सिस्टरांनी स्वतःच्या फोनवर कोड स्कॅन करायचा, विद्यार्थ्याचं नाव निवडायचं आणि २२ मुद्द्यांना १ ते ५ गुण द्यायचे. हात धुणं, रुग्णाची ओळख पटवणं, औषधाची पडताळणी, रुग्णाशी बोलणं, नोंद करणं, सगळं त्यात. पहिल्याच आठवड्यात १३८ फॉर्म आले. मी हरखले. रंगीत आलेख काढून प्राचार्यांना दाखवून आले.

मग एका रात्री सहज फॉर्म आल्याच्या वेळांचा रकाना बघत बसले. एका वॉर्डातून दुपारी ३.४२ ते ३.४९ या सात मिनिटांत ११ फॉर्म आले होते. एका मुद्द्याला धड दोन सेकंदही नाहीत. गुण सगळीकडे ४. दुसऱ्या दिवशी तिथे गेले तेव्हा उलगडा झाला. ड्युटी संपायच्या आधी सिस्टर फोन अनलॉक करून मुलींच्या हातात द्यायच्या. "तुम्हीच भरा गं, फक्त सगळीकडे पाच देऊ नका." म्हणजे मुली स्वतःच स्वतःला गुण देत होत्या, आणि तेही विनयाने!

कागदावर हे कळलं नसतं, एवढं श्रेय मी मोबाइलला देते. पण आता पुढे काय? प्राचार्य म्हणतात, जीपीएस असलेलं अ‍ॅप विकत घेऊ, सेल्फी सक्तीची करू. मला ते पोलिसी वाटतं. फोन वापरून खरं निरीक्षण कसं होईल, हे कुणी करून बघितलंय का? नर्सिंगच हवं असं नाही. ज्यांची मुलं कामाच्या जागी शिकतात त्या कुणीही सांगा.

वॉर्ड_इन्चार्ज

ताई, त्या फोन देणाऱ्या सिस्टर मीच असू शकते, म्हणून आमची बाजू सांगते.

तुमच्या फॉर्ममध्ये २२ मुद्दे आहेत. मी त्या मुलीला सकाळपासून तुकड्या-तुकड्यांत पाहिलंय: एकदा सलाईन लावताना, एकदा नातेवाइकाशी बोलताना, एकदा चार्ट शोधताना. २२ पैकी १६ गोष्टी मी पाहिलेल्याच नसतात. पण "पाहिलं नाही" असा पर्याय तुमच्या फॉर्मवर आहे का? नसेल, तर मी ४ टाकते. ४ म्हणजे "मला माहीत नाही, पण मुलगी बरी आहे".

दुसरं असं, की फॉर्म भरताना मुलगी समोर उभी राहून स्क्रीनकडे बघत असते. तिच्या तोंडावर २ कसे देऊ? उद्या परत आठ तास तिच्याबरोबरच काढायचेत.

आणि तिसरं, हातात फोन दिसला की रुग्णाच्या माणसांना वाटतं, सिस्टर मोबाइल खेळतायत. एकदा मी खरोखर एका विद्यार्थ्याचा फॉर्म भरत होते आणि माझ्यावर तक्रार गेली. शिवाय हातमोजे काढा, हात स्वच्छ करा, फोन काढा, परत हात स्वच्छ करा. हे फॉर्म करणाऱ्यांच्या कधी डोक्यातच येत नाही.

मला एकच प्रश्न विचारा. "हे काम उद्या हिला एकटीला करू द्याल का?" याचं उत्तर मी विचार न करता देते आणि ते खरं असतं. कारण उद्या खरंच तसं करायची वेळ माझ्यावर येणार असते.

निवृत्त_परीक्षक

वरच्या बाईंनी शेवटच्या परिच्छेदात जे सांगितलं, त्यावर वैद्यकीय शिक्षणात बरंच काम झालेलं आहे. नेदरलँड्समधले वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये हीच कल्पना मांडली: गुण देण्यापेक्षा विश्वास किती टाकता ते विचारा. पुढे त्याच्या पाच पायऱ्या रूढ झाल्या. नुसतं बघू द्यावं. मी शेजारी असताना करू द्यावं. मी हाकेच्या अंतरावर असताना करू द्यावं. एकट्याला करू द्यावं. इतरांवर देखरेख ठेवायला द्यावी. अनुभवी माणूस मनात नेमक्या याच पट्टीने मोजत असतो. १ ते ५ गुणांची पट्टी आपण त्याच्यावर लादतो.

तुमच्या २२ मुद्द्यांबद्दलही बोलतो. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार थर मांडले: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो. तुमची यादी तिसऱ्या थराची आहे, प्रात्यक्षिक परीक्षेच्या खोलीत शोभणारी. पोस्टिंग हा चौथा थर. तिथे काम यादीच्या क्रमाने येत नाही. मध्येच कुणी हाक मारतं, सामान संपलेलं असतं, रुग्ण नाही म्हणतो. यातून मार्ग काढता येतो का, हेच बघायचं असतं.

पद्धत हवी असेल तर मिनी-सीईएक्स बघा. जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ती पुढे आणली. पंधरा-वीस मिनिटांचं एक निरीक्षण आणि लगेच त्यावर पाच-एक मिनिटांचं बोलणं. मोठी परीक्षा एकदा घेण्यापेक्षा अशी लहान निरीक्षणं पुष्कळ, निरनिराळ्या माणसांकडून आणि निरनिराळ्या रुग्णांवर. एका निरीक्षणावर निकाल लावायचा नाही. मोबाइलचा खरा उपयोग इथे आहे: काम संपणं आणि नोंद होणं यातलं अंतर तीन महिन्यांवरून तीन मिनिटांवर येतं.

हे सगळं फार नवं आहे असंही समजू नका. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठाच्या पुढाकाराने पाच विद्यापीठांनी २००५ ते २०१० या काळात आरोग्य आणि समाजकार्यातल्या १६ व्यवसायांच्या विद्यार्थ्यांसाठी ॲल्प्स नावाचा प्रकल्प चालवला होता. आजच्यासारखे स्मार्टफोन घरोघरी पोहोचायच्या आधीच विद्यार्थ्यांच्या हातात उपकरणं देऊन पोस्टिंगवर मूल्यमापन करून घेतलं. त्यातली मला पटलेली गोष्ट तांत्रिक नाही. संवाद, संघात काम करणं आणि नैतिक वागणं ही कौशल्यं त्यांनी सगळ्या व्यवसायांना सामाईक धरली, त्यामुळे नर्सिंगच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शाखेचा माणूसही अभिप्राय देऊ शकत होता. तुम्हीही फक्त सिस्टरांनाच का विचारता? फिजिओथेरपिस्ट आहेत, आहारतज्ज्ञ आहेत.

वेल्डिंग_मास्तर

आमचा धंदा वेगळा, पण रोग तोच.

आमची मुलं वर्कशॉपमध्ये ॲप्रेंटिस म्हणून जातात. मी सांगितलं, केलेल्या जॉबचे फोटो पाठवा. फोटो सुरेख यायला लागले. महिन्याभराने लक्षात आलं की तीन मुलांचा वेल्ड एकच आहे, नुसता तीन बाजूंनी काढलाय. स्पॅटरचा, म्हणजे उडालेल्या वितळत्या धातूचा, एक थेंब तिन्ही फोटोंत त्याच जागी!

मग रोज सकाळी मी एक शब्द पाठवायला लागलो. तो खडूने प्लेटवर लिहायचा आणि पहिला फोटो जोड बसवल्यावर, वेल्डच्या आधी काढायचा. दुसरा रूट रन (जोडाच्या तळाचा पहिला थर) झाल्यावर, स्लॅग (वर जमलेली खपली) काढून. तिसरा शेवटी. ढापाढापी पुष्कळ कमी झाली.

पण फोटोत वेल्ड दिसतो, वेल्डिंग दिसत नाही. व्हिडिओ काढायला सांगितला तर आर्क पेटला की स्क्रीन पांढरी फटक. वेल्डिंगची काच लेन्ससमोर धरली की थोडं दिसतं. शेवटी आवाजच कामाला आला. आर्कची लांबी बरोबर असेल तर चरचर एकसारखी येते. लांबली की आवाज फुटतो, फार जवळ नेली की इलेक्ट्रोड (वेल्डिंगची कांडी) चिकटतो आणि आवाज बंद. चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग ऐकून मी सांगू शकतो, हात स्थिर आहे की नाही. हे मी शिकवण्याच्या कुठल्याही पुस्तकातून नाही शिकलो, फोनमुळे सुचलं.

तुमच्याकडे रुग्ण असतात, त्यामुळे फोटोचा प्रश्नच नाही. पण आवाजाचा विचार करा.

सिंक_अडलंय

मी अशी अ‍ॅप बनवतो, म्हणून प्राचार्यांच्या जीपीएसबद्दल आधी बोलतो. इमारतीच्या आत जीपीएस बेभरवशाचं असतं. तळघरातल्या एक्स-रे विभागात उभा असलेला मुलगा नकाशावर शेजारच्या रस्त्यावर दिसतो. आणि अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर पर्याय चालू करून खोटं ठिकाण दाखवता येतं, हे तुमच्या विद्यार्थ्यांना तुमच्याआधी माहीत असतं. म्हणजे प्रामाणिक मुलगा गैरहजर ठरणार आणि लबाड हजर. सेल्फी तर विसराच. मागे रुग्ण येणार.

वेळेबद्दल मात्र काळजी घ्या, कारण तुम्हाला सगळं वेळेनेच कळलंय. वॉर्डात नेटवर्क नसतं, म्हणून फॉर्म फोनमध्येच साठून नंतर पुढे जायला हवा. तुम्ही पाहिलेले ११ फॉर्म नेटवर्क आल्यावर एकदम गेलेले असू शकत होते. तुमच्या बाबतीत तसं नव्हतं, हे तुम्ही जाऊन बघितलंत म्हणून कळलं. म्हणून तीन वेळा वेगळ्या ठेवायच्या: फॉर्म उघडल्याची, पूर्ण केल्याची आणि सर्व्हरवर पोहोचल्याची. पहिल्या दोन फोनच्या घड्याळावर अवलंबून असतात आणि घड्याळ मागे-पुढे करता येतं. तिसरी करता येत नाही. शिवाय प्रत्येक फॉर्मला फोनवरच एक वेगळा ओळख क्रमांक मिळाला पाहिजे. नाहीतर नेटवर्क मध्येच तुटलं की तोच फॉर्म दोनदा येतो आणि तुम्हाला वाटतं, सिस्टरांनी दोनदा निरीक्षण केलं.

विकतचं काही घेऊ नका. कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके घ्या. ओडीके २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं. जिथे इंटरनेट नाही अशा ठिकाणी माहिती गोळा करण्यासाठीच ते आहे. फॉर्म ऑफलाइन चालतो, आवाजही रेकॉर्ड करता येतो.

मास्तर, तुमच्यासाठी एक: मुलं फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवत असतील तर फोटोच्या आत दडलेली तारीख-वेळ निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग टिकते.

वेल्डिंग_मास्तर

हे आधी सांगायचं ना राव. दोन वर्षं खडू घासतोय.

शेवटच्या_वर्षाची

विद्यार्थी बोललेलं चालेल का? सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून.

फॉर्म भरून घ्यायची जबाबदारी आमच्यावर असते. म्हणजे दमलेल्या माणसाकडे जाऊन "माझं मूल्यमापन करा ना" म्हणायचं. हे उपकार मागितल्यासारखंच असतं. त्यामुळे आम्ही कुणाकडे जातो? ज्या चिडत नाहीत त्यांच्याकडे. आणि कधी जातो? काम छान झालं त्या दिवशी. रुग्णाला कॅथेटर (नळी) घालताना माझं चुकलं, स्टराइल फील्ड (निर्जंतुक मांडणी) मोडलं आणि सगळं पुन्हा मांडावं लागलं, त्या दिवशी मी फॉर्म मागितला नाही. कुणीच मागत नाही. त्या दिवशी मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं असतं.

म्हणून कुणी, कधी बघायचं हे आमच्या हातात ठेवू नका. सकाळी फोनवर यावं की आज तुझं निरीक्षण अमुक सिस्टर करतील. त्यांनाही तोच निरोप जावा. मग मागायचा प्रश्नच नाही.

आणि गुणांचं सांगायचं तर मला माझे एकही गुण आठवत नाहीत. एका सिस्टरनी जाता जाता म्हटलेलं एक वाक्य आठवतं: "सुईकडे बघत होतीस, चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाहीस." ते कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

निवृत्त_परीक्षक

या मुलीचं ऐका. कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये स्कॉटलंडमध्ये नर्सिंगचे मार्गदर्शक आणि शिक्षक यांच्याशी बोलून दाखवलं होतं की कच्च्या विद्यार्थ्यालाही मार्गदर्शक संशयाचा फायदा देऊन पुढे ढकलतात, आणि शंका बोलून दाखवली तरी ती पोस्टिंग संपत आल्यावर. तोवर सुधारायला वेळ उरलेला नसतो, मग नापास करायचा धीरही होत नाही.

लॉगबुकवाली

पाच आठवड्यांनी परत आले. बरंच काही बदललं, काही तसंच राहिलं.

२२ मुद्दे काढून टाकले. इन्चार्ज ताईंचा प्रश्न जसाच्या तसा उचलला: "हे काम उद्या..." उत्तरं चार: नुसतं बघू देईन, शेजारी उभी राहीन, हाकेला येईन, एकटीला सोडेन. पाचवी पायरी विद्यार्थ्यांसाठी लांबची, ती गाळली. सोबत "आज पाहिलं नाही" हे बटण सगळ्यांत वर आणि मोठं. खाली सिस्टरांचा तीस सेकंदांचा आवाज. कोण कुणाला बघणार हे मी रविवारी रात्री चिठ्ठ्या काढून ठरवते (अ‍ॅप तेही करतं म्हणे, पण चिठ्ठ्यांवर माझा विश्वास आहे). फॉर्म पाठवला की तो विद्यार्थ्याला लगेच दिसत नाही, शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर बसून ऐकते.

फॉर्म आठवड्याला १३८ वरून ४१ वर आले. प्राचार्य म्हणाले, प्रतिसाद घसरला. मी त्यांना ते ४१ ऐकवले. त्यातले १२ "पाहिलं नाही" होते. एवढी प्रामाणिक माहिती सहा वर्षांत माझ्या हातात आली नव्हती.

आता एका मुलाची गोष्ट. लॉगबुकात, जुन्या फॉर्ममध्ये सगळीकडे ४. अक्षर सुरेख, वागणं नम्र, सगळ्यांचा आवडता. औषध देण्याबाबत दोन वेगळ्या वॉर्डांतल्या सिस्टरांनी, एकमेकींना न विचारता, "शेजारी उभी राहीन" निवडलं. एकीच्या आवाजात होतं, "मुलगा हुशार आहे हो, पण काहीतरी राहतंय, नीट सांगता येत नाही." मी जाऊन एक तास मागे उभी राहिले. औषधाचं लेबल तो वाचतो, मात्रा बघतो, वेळ बघतो. रुग्णाला मात्र बेडच्या नंबरावरून ओळखतो. नाव विचारत नाही, मनगटावरची पट्टी बघत नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, बारा नंबरला तेच आजोबा आहेत ना, रोज बघतो." त्याच दिवशी दुपारी बारा नंबरचे आजोबा खिडकीजवळच्या बेडवर हलवले होते आणि बारावर दुसरे कुणी होते. काही घडलं नाही, कारण मी तिथे होते. माझ्या जुन्या यादीत "रुग्णाची ओळख पटवणं" हा दुसऱ्याच क्रमांकाचा मुद्दा होता. त्याला नऊ वेळा ४ मिळालेले आहेत. मी मोजले.

फिजिओथेरपिस्टनाही विचारायला लागले. त्या सिस्टरांपेक्षा कडक निघाल्या.

जे जमलं नाही ते असं. दोन वॉर्डांतून अजून एकही फॉर्म नाही. तिथे फोन आत न्यायलाच बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तिथे मी जुनी वही परत दिली, पण रोज एकच सही आणि एकच वाक्य. ३.४२ वाल्या सिस्टर अजूनही फोन मुलींच्या हातात देतात. फरक एवढाच, की आता तीस सेकंद बोलायला फोन परत घ्यावा लागतो. पहिल्यांदा त्या नुसतं "चांगली आहे" म्हणून थांबल्या. गेल्या बुधवारी पूर्ण तीस सेकंद बोलल्या आणि मध्येच रेकॉर्डिंग तुटलं, तर परत फोन उचलून उरलेलं सांगितलं.

एक अडचण आहे, सिंक दादा. सांगूनसुद्धा दोन रेकॉर्डिंगमध्ये रुग्णाचं नाव आलं. मी ती सर्व्हरवरून काढली. पण ज्या फोनवर रेकॉर्ड झाली तिथे राहिली असतील का?

सिंक_अडलंय

राहू शकतात. ओडीके किंवा कोबोच्या कलेक्ट अ‍ॅपच्या (फोनवर फॉर्म भरायच्या अ‍ॅपच्या) सेटिंगमध्ये "पाठवल्यावर पुसून टाका" असा पर्याय असतो, तो प्रत्येक फोनवर चालू करा. आधी पाठवलेले फॉर्म मात्र त्याने जातीलच असं धरून चालू नका. फोन हातात घेऊन साठवलेले फॉर्म पुसायच्या पर्यायातून ते काढा, आणि फोनच्या बॅकअपमध्ये अ‍ॅपचा फोल्डर जात नाही ना तेही बघा. किती फोन आहेत?

लॉगबुकवाली

सदतीस. उद्या सकाळच्या ड्युटीपासून सुरू करते.